व्हिस्कीच्या जागी मी

मी एक जुनी ब्रँडीची बाटली आहे. मित्रांनो, लगेच नाकं मुरडू नका! माझ्यातली ब्रँडी चांगल्या घरच्या द्राक्षांची आहे आणि लाकडी पिंपात ती वर्षानुवर्षं मुरली आहे. या छोट्या बारमध्ये मी आले, तेव्हा मालकीणबाईंनी मला दिव्यासमोर धरून "काय रंग आहे!" म्हटलं होतं. मग वरच्या फळीवर ठेवलं, ते ठेवलंच. कुणाला खोकला झाला, तरच माझी आठवण व्हायची.

खरा मान होता राय नावाच्या धान्यापासून केलेल्या राय व्हिस्कीचा. निवृत्त शिंपीकाका रोज संध्याकाळी यायचे आणि तिचंच मॅनहॅटन कॉकटेल मागायचे. व्हिस्की, व्हर्मुथ ही मसाल्याची गोड वाइन आणि बिटर्स या कडू अर्काचे थेंब. बायको होती तेव्हा दोघं तेच घ्यायचे. ती गेल्यावर काकांना त्या चवीचाच काय तो आधार उरला होता.

एक दिवस त्या व्हिस्कीचा कारखाना बंद पडला. शेवटची बाटलीही संपली. बाईंनी दुसरी व्हिस्की घालून पाहिली.

"फार गोड गं," काका म्हणाले.

तिसरी धुरकट निघाली.

"चुलीपुढेच बसवलंस की मला! जाऊ दे, उद्यापासून येत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वर पाहिलं आणि मला खाली काढलं. त्यांनी मला पुसलं, व्हिस्कीच्या जागी माझी ब्रँडी ओतली, व्हर्मुथ जरा कमी केलं, बर्फावर ढवळलं.

"काका, एवढं एकदा चाखून बघा."

काकांनी घोट घेऊन डोळे मिटले. "ती नाही ही," ते म्हणाले. मग आणखी एक घोट घेऊन, "पण बरी आहे. उद्या हीच दे."

ते माझे सुखाचे दिवस होते. रोज मी खाली उतरायचे. पण पहिल्या घोटाला काका डोळे मिटून जिला शोधत, ती मी नव्हते. एकदा तरी त्यांनी मला माझ्या नावानं मागावं, असं फार वाटायचं.

तसं काही झालं नाही. बाईंच्या भावाला एका दुकानाच्या माळ्यावर त्या जुन्या व्हिस्कीची पेटी सापडली. पहिल्याच घोटाला काकांचे डोळे भरून आले.

"मग हिचं काय करू?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"असू दे की वर. लागली तर."

आता माझ्या तळाशी पेलाभरच ब्रँडी उरली आहे. उघडलेल्या बाटलीत हवा शिरते आणि वास हळूहळू उडून जातो. मित्रांनो, आम्हाला असं "लागली तर" म्हणून ठेवू नका. नावानं नाही मागितलं तरी आता माझी तक्रार नाही. कुणाच्याही जागी घाला, पण वास आहे तोवर मला खाली घ्या.