ताई जामीन आहे

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते, आणि ही अर्धी ऐकून चालणार नाही. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. कर्जातून सुटायला त्याच्यासमोर एकच दार होतं. ते उघडलं तर कुणाच्या अंगावर आदळेल, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

हा माणूस बदली ड्रायव्हर. बस डेपोतले कायम ड्रायव्हर वेगळे. त्यांच्यातला कोणी गैरहजर राहिला, तरच याच्या हातात स्टिअरिंग यायचं. रोज पहाटे गणवेश घालून डेपोतल्या बाकावर बसायचं. कुणाला ताप आला, कुणाची पाठ धरली, की खिडकीतून हाक यायची, "स्टेपनी, ऊठ! बाजाराची गाडी घे!" स्टेपनी हे डेपोनं ठेवलेलं नाव. जादा चाक. दुसरं चाक पंक्चर झाल्याशिवाय त्याची कुणाला आठवण होत नाही. हाक आली तर त्या दिवसाचा पगार, नाही आली तर डबा न उघडता घरी परत, आणि तिथे डेपोच्या फोनची वाट.

घरी बायको आणि आई. आई भाविक. उजाडलं की हात जोडून मोठ्यानं म्हणायची, "देवा, सगळ्यांना निरोगी ठेव."

एकदा बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "सासूबाई, देव तुमचं फार ऐकतो हो. जरा ड्रायव्हरांना वगळा ना."

"अगं, असं कसं मागू?"

"पडसं तरी मागा. साधंच."

दोघी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी आई "सगळ्यांना" इथपर्यंत आली आणि अडखळली. पुढचा शब्द तोंडातून बाहेर पडेना. देवापुढेसुद्धा जीभ अडावी, अशी ज्या घराची मिळकत, त्या घराची अडचण तुम्हीच ओळखा.

कर्जाचं म्हणाल, तर तेही तापातूनच आलं. मागे एकदा मोठी साथ आली होती. निम्मा डेपो अंथरुणाला खिळला आणि याला एक दिवस सुट्टी मिळेना. हातात पैसा खेळू लागला. साहेब म्हणाले, आता तुला कायम करतो. त्याच सुमाराला आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. यानं त्या महिन्यांचे पगार बँकेला दाखवले आणि कर्ज काढलं. ऑपरेशन झालं, आई चालू लागली. मग साथही ओसरली. सगळे ठणठणीत होऊन कामावर आले, साहेबांची दुसरीकडे बदली झाली, आणि हा पुन्हा बाकावर. हप्ता मात्र दर महिन्याला ठणठणीत. तो भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी उसनवारी. वसुलीवाल्यांचे फोन असे यायचे, की डेपोची हाक आली असेल म्हणून हा धावत घ्यायचा आणि शिव्या ऐकायचा. फोन उचलावा तरी पंचाईत, न उचलावा तर पगार बुडायची भीती.

शेवटी बायकोनं त्याला एका वकीलबाईंकडे पाठवलं.

"दरमहा उत्पन्न किती?" वकीलबाईंनी विचारलं.

"ते लोकांच्या तब्येतीवर आहे, बाई."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सरासरी सांगा."

"सांगतो की. पण बँक सरासरीनं हप्ता घेते का हो? घेत असती तर इथे कशाला आलो असतो?"

बाई हसल्या आणि त्याला नादारी म्हणजे काय ते समजावू लागल्या. न्यायालयानं एकदा नादार ठरवलं की वसुलीचे फोन बंद. जे काही असेल त्यातून देण्याजोगं दिलं जाईल, उरलेलं माफ. पुढे काही वर्षं कर्ज मिळणार नाही.

"मिळूच नये," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास पोटापर्यंत गेला.

"कोणी जामीन आहे?"

"माझी बहीण आहे, ताई. पण ती आपली ओळखीपुरती. बँकेतले म्हणाले, ओळखीचं कोणी सहीला आणा. म्हणून आली."

बाईंचं पेन थांबलं. "अहो, ओळखीपुरता जामीन असं काही नसतं. नादारीनं सुटाल ते तुम्ही एकटे. तुमचं माफ झालेलं सगळं बँकवाले तुमच्या ताईंकडून वसूल करतील."

तो तसाच उठला आणि ताईकडे गेला. ताई त्याच्याहून बरीच मोठी. नवरा गेल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान. खोलीभर गरम कपड्यांचा वास, आणि भिंतीला टेकून लोकांच्या घड्यांच्या थप्प्या.

"ये. कॉलर बघ काय झालीय. ड्रायव्हर आहेस का गाडी पुसायचं फडकं? काढ तो शर्ट."

त्यानं शर्ट काढून दिला आणि बनियनवर उभा राहिला.

"ताई, मी नादारीचा अर्ज करणार होतो."

"माहितीये. तुझी बायको बोलली काल. कर की."

"तसं नाही गं. मी सुटलो तर ते तुझ्याकडे येतील. मला वाटलं होतं, तुझी सही म्हणजे नुसती ओळख."

ताईनं बाही उलटली, त्यावर पाणी शिंपडलं. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जामीन म्हणजे काय ते. तू चहा प्यायला गेला होतास ना, तेव्हा मी तिथे बसून सगळं वाचलं."

"आणि तरी सही केलीस?"

"मग आईचं हाड कोण बसवणार होतं? बँकेतला तो टायवाला?"

तो म्हणाला, "पण मग इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नाहीस, हप्ता भरलास का म्हणून."

"विचारलं असतं, तर तुला वाटलं असतं, हिला स्वतःचीच पडलीय." तिनं शर्ट त्याच्या अंगावर टाकला. "घाल, गरम आहे तोवर. आणि अर्ज कर. येऊ देत त्यांना. दुकान आहे, दार उघडंच असतं."

"टेबल नेतील, ताई. इस्त्र्या नेतील."

"नेऊ देत. मी लोकांच्या कपड्यांवर बसेन. वजन काय कमी आहे माझं?"

ती हसली. त्याला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी अर्ज समोर ठेवला. त्यानं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"बाई, दुसरा काही मार्ग?"

"हप्ता कमी करून मागू शकतो. पण बँक ठरावीक उत्पन्नाचा दाखला मागेल."

"तो असता तर..."

"हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरं म्हणजे, तुमच्या ताईंनीही नादारीचा अर्ज करायचा."

"मग तिचं दुकान?"

बाईंनी अर्ज परत फाईलमध्ये ठेवला. तो नमस्कार करून बाहेर पडला.

घरी बायको दारातच उभी. "केलीत सही?"

"नाही."

"ताई नको म्हणाल्या?"

"कर म्हणाली."

बायको उंबऱ्यावर बसली. "नको म्हणाल्या असत्या, भांडल्या असत्या, तर तुम्ही सही करून मोकळे झाला असता. आता नाही करणार तुम्ही. कधीच नाही." तिनंच पुढे विचारलं, "मीही नसती करू दिली. पण मग आता काय?"

तेवढ्यात फोन वाजला. डेपोचा नव्हता.

"हो, मीच बोलतोय. नाही साहेब, आज नाही जमणार... बोला, काय बोलायचं ते मला बोला. ताईचा नंबर कशाला? तिला फोन करू नका. मी पळून चाललोय का? मी आहे इथेच."

गोष्ट मी इथेच थांबवतो, कारण तो माणूसही अजून तिथेच थांबला आहे. तुम्ही निजण्याआधी आपल्या माणसांसाठी देवाजवळ काही मागाल, तेव्हा त्या ताईचीही आठवण असू द्या. तिला स्वतःसाठी मागायची सवय नाही.