झोपू द्या त्याला

त्या वर्षी बिगुलवाल्याने एकवीस शवपेट्यांना निरोप दिला होता. एकदाही सूर फाटला नाही, याचा त्याला मनातून अभिमानच होता. बाविसावी पेटी मात्र त्याच्याच छावणीत शिकून गेलेल्या पोराची होती.

अंत्यविधीच्या आदल्या दुपारी दफनभूमीत रंगीत तालीम झाली. पेटीच्या जागी रिकामं खोकं, त्यावर झेंडा. पोराची आई गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. कामावरून ती तशीच आली होती, गळ्यातली मोजपट्टीसुद्धा काढायची राहिली होती. तालीम संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग सरळ त्याच्याकडे आली.

"दादा, उद्या हे वाजवू नका," ती म्हणाली. "त्याला झोप कधी पुरलीच नाही. पत्रात एकच तक्रार असायची, पहाटेच्या बिगुलाची. आता तरी झोपू द्या त्याला."

पहाटेचा तो बिगूल आपलाच, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. साहेबांना विचारतो, एवढंच तो म्हणाला.

साहेब काही दगडाच्या काळजाचे नव्हते. पण आज एकाला वगळलं, तर उद्या लोक म्हणतील की त्याच्या मानात काटछाट केली, असं त्यांनी समजावलं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बंदुकांची सलामी झाली आणि त्याने बिगूल ओठाला लावला. इतका स्वच्छ सूर त्याला आजवर लागला नव्हता. येणारा-जाणारा पाठ थोपटून गेला. आई पेटीवर हात ठेवून उभी होती, लहान मुलाला थोपटावं तशी.

चार दिवस त्याला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने ओळखलं, आत बोलावलं आणि समोर चहा ठेवला. कपाला हात न लावता तो म्हणाला, "ताई, छावणीत पहाटे वाजवणारासुद्धा मीच."

 ती चिडेल, उठून जा म्हणेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

"मग तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली. "उठायचा का हो तो वेळेवर?"

"छे. सगळ्यात शेवटी. कुंभकर्णच म्हणायचे त्याला. एकदा तर डावा-उजवा बूट अदलाबदल करून रांगेत आला. मी बघितलं, पण बोललो नाही कुणाला."

तिला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून ती हसत राहिली, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.  चहावर साय धरली, तरी तो तिथून उठला नाही.