कापडी अस्तराचा लखोटा

मी एक लखोटा. खाकी, आतून कापडी अस्तराचा. माझ्या अंगावर लाल शाईत 'गोपनीय' असं लिहिलंय. अनुभवाने सांगतो, एखादी गोष्ट सगळ्यांनी वाचावी असं वाटत असेल, तर हाच शब्द लिहावा.

तळेगाव दाभाड्याच्या बाजारात यशोधरेने मला विकत घेतलं. दुकानदार साधा लखोटा पुढे करत होता. "फाटणार नाही असा द्या," ती म्हणाली. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कंत्राटावर कामाला होती. प्रयोगशाळा कुठली ते सांगणार नाही. या प्रकरणात कुणीतरी गोपनीयता पाळायला हवी.

वाड्यावस्त्यांच्या विहिरींचं पाणी सीलबंद बाटल्यांतून तिथे यायचं आणि आठवड्याभरात 'पिण्यास योग्य' असा दाखला परत जायचा. वलवणच्या वरच्या अंगाच्या एका वाडीला असे तीन दाखले गेले होते. मग एक दिवस त्या वाडीची सारजाबाई स्वतःच दारात उभी राहिली. तिची सून चंपा सातव्या महिन्यात काविळीने गेली होती.

"ताई, तुमच्या कागदावर आमचं पानी लय चांगलं हाय," ती म्हणाली. "आन वाडीत धा घरं पिवळी पडल्याती. आता मी कागद पिऊ का पानी?"

"बसा मावशी," यशोधरा म्हणाली आणि बाटल्या शोधायला गेली. कपाटामागे तिला एक्केचाळीस बाटल्या सापडल्या. त्या वाडीच्या तिन्ही त्यांत होत्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

तिने फोटो काढले आणि चार पानी तक्रार लिहिली. शेजारच्या टेबलावरचा गौरव हळूच म्हणाला, "ताई, नाव नका घालू."

"निनावी पत्राची दखल घेत नाहीत, गौरव."

"आणि नाव असलेल्या पत्राची?"

यशोधरेने सही केली, खाली पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिला. ती चार पानं घेऊन मी पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयात गेलो. गोपनीय लखोटा आवक शाखेत फोडत नाहीत, म्हणून शिक्का माझ्याच अंगावर, पत्त्याशेजारी बसला: ४ जून. वरच्या साहेबांनी चारही पानं वाचली. सरकारी कार्यालयात कुणी वाचत नाही हा आरोप खोटा आहे. वाचून त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'संबंधितांचा खुलासा घ्यावा.'

संबंधित म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख प्रदीपसाहेब. तक्रार त्यांच्याविरुद्धच होती. तक्रारीला मला टाचून, नाव-पत्त्यासकट, त्यांच्याकडे पाठवलं. तिथला आवक शिक्काही माझ्यावरच बसला: ९ जून. याला दगाबाजी म्हणत नाहीत. याला कार्यपद्धती म्हणतात.

साहेबांनी पत्र वाचून लिपिक रतनकडे सरकवलं. "अक्षर बघा बाईंचं. मोत्यासारखं."

"साहेब, गोपनीय आहे."

"म्हणून तर दार लावलंय." मग खुर्ची मागे रेलून ते म्हणाले, "या लोकांना लिहायला शिकवलं की असं होतं."

चुलीतल्या लाकडाचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला. त्याला निदान पेटता येतं.

तीन दिवसांत यशोधरेच्या दुचाकीचे टायर दोनदा कापले गेले. घरमालकाला एकाएकी खोली पुतण्यासाठी हवी झाली. फोनवरचा एक अनोळखी आवाज, ती घरी कुठल्या रस्त्याने जाते, हे तिलाच समजावून सांगू लागला. आणि १२ जूनला तिचं कंत्राट संपवल्याचं पत्र तयार झालं: 'कामगिरी असमाधानकारक.'

इथे रतनमधला काटकसरी कारकून जागा झाला. टाचणी काढलेला मी रिकामा पडलो होतो. एवढा मजबूत लखोटा वाया कशाला घालवायचा? त्याने माझ्यावर कोरा कागद चिकटवला, त्यावर यशोधरेचा पत्ता लिहिला आणि तिच्या बडतर्फीचं पत्र माझ्याच पोटात घातलं.

मी तिच्या दारात परत आलो. पत्र वाचून ती ते परत माझ्यात सरकवू लागली. तेव्हा चिकटवलेल्या कागदाच्या कडेला तिला लाल शाई दिसली. ओल्या फडक्याने तिने तो कागद सावकाश सोडवला. खाली तिचंच अक्षर होतं आणि दोन शिक्के.

तिने पुन्हा वर अर्ज केला, कामावर परत घ्या म्हणून, आणि चौकशी बसली. तिथे प्रदीपसाहेबांनी शपथेवर सांगितलं, "अशी काही तक्रार आहे, हे मला जुलैपर्यंत ठाऊकच नव्हतं." यशोधरेने मला टेबलावर ठेवलं. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा लावला, शिक्के वाचले, मला उलटून पाहिलं आणि चहा मागवला.

तीन महिन्यांनी निष्कर्ष निघाला. साहेबांची बदली झाली, जरा मोठ्या कार्यालयात. यशोधरेचा कामावर परत घेण्याचा अर्ज विचाराधीन आहे. तोवर ती बेगडेवाडीजवळच्या एका कारखान्यात खोकी बांधते. वाडीची विहीर तीच आहे. सारजाबाई पाणी उकळते आणि सरपणाला तासभर आधी उठते.

मी यशोधरेच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. शिक्के अजून स्पष्ट आहेत. कधी कुणाविरुद्ध लिहायची वेळ आली, तर माझं ऐका, लखोटा कापडी घ्या आणि परत आला तर फेकू नका.

या सगळ्या प्रकरणात कार्यालयाने एक ठोस कारवाई मात्र केली. परिपत्रक काढलं: 'यापुढे गोपनीय लखोटे पुन्हा वापरू नयेत, तात्काळ जाळून नष्ट करावेत.' त्याची एक प्रत यशोधरेला माहितीसाठी आली.

कोऱ्या लखोट्यातून.