मानसिंगाची पिवळी परात

बुधवार उजाडला की सणसरच्या ओढ्याकाठी नुसती झुंबड उडायची. कावीळ उतरवणारा मानसिंग महाराज तिथं चिंचेखाली बसायचा. रोग्याचे हात परातीवर धरायचा, चुन्याच्या निवळीची धार सोडायचा, आपल्या तळव्यांनी ते हात चोळायचा आणि बघता बघता परातीतलं पाणी पिवळंजर्द! "उतरली बगा, बोटांच्या पेरातनं उतरली!" असं तो ओरडला की बाया हात जोडायच्या आणि गडी आ वासायचे. कावीळ म्हणे बोटांतून गळते. मग लिव्हर काय शोभेला दिलंय?

त्या बुधवारी नर्स करुणा माणसं बाजूला सारत गर्दीत घुसली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली सारजा सोमवारी उपकेंद्रात आली होती. नववा नुकताच लागलेला. तळहात-तळपाय खाजवून रक्ताळलेले, पण अंगावर पुरळ एक नाही. लघवी गडद, डोळ्यांत पिवळी झाक. "आजच बारामतीला जाऊन रक्त तपासा," करुणानं बजावलं होतं.

"उसाची कूस लागलीया, दुसरं काय!" सारजाची आई तानूबाई म्हणाली होती. उसाच्या मुलखात खाज म्हणजे पानांवरची टोचरी लव, म्हणजेच कूस, विषय संपला. आणि डोळे पिवळे? त्यासाठी तिनं लेकीला थेट परातीपुढं आणून बसवलं होतं.

"तीन बुधवार यायचं," महाराज सांगत होता. "तवर डाक्टरची पायरी चढायची न्हाय. सुई टोचली की कावीळ उलटी फिरती आन् बाळाच्या टाळूत चढती!"

तीन आठवडे! करुणानं पोरीचा दंड धरला. "सारजा, ऊठ," ती म्हणाली.

"नर्सबाई, मदी पडू नगा," तानूबाई कातावली. "पानी पिवळं झालं. आमी डोळ्यांनी बगितलं."

"मग माझीबी उतरवा." करुणानं तिथंच बसकण मारली. "डोळे बगा माझे. हाय का कुठं पिवळं?"

महाराज घुटमळला, पण सगळं गाव बघत होतं. त्यानं हात चोळले. पाणी पिवळं!

"छुपी कावीळ!" महाराज गरजला.

करुणानं मात्र एक हेरलं होतं. दर रोग्याआधी हा बाबा मांडीखालच्या ओल्या फडक्यावर तळवे दाबत होता. तिनं ते फडकं खस्सकन ओढलं आणि जवळच्या धोंड्यावर घासलं. मग परात रिकामी करून धोंडा तीत ठेवला आणि वरून निवळी ओतली. परात पुन्हा पिवळी!

"धोंड्यालाबी कावीळ झाली का वो, महाराज?" गर्दीतले म्हातारे बापूसाहेब खदाखदा हसले.

"आंब्याच्या झाडाच्या आतल्या सालीचा रस हाय ह्यो," करुणा म्हणाली. "चुना लागला की पिवळा होतो. मंतर न्हाय न् तंतर न्हाय."

महाराज चंबूगबाळं आवरू लागला, पण तानूबाई जागची हलेना. "त्यो लबाड हाय, कबूल. पन पोरीला कूसच लागलीया. आमाला न्हाय का लागत?"

"मावशी, ती उसात कदी गेलती शेवटची?"

तानूबाई बोटांवर महिने मोजू लागली. पाचव्या महिन्यापासून पोरीनं उसात पाय ठेवला नव्हता.

करुणा तिच्याजवळ सरकली. "मागल्या साली कोऱ्हाळ्यातली एक बाई अशीच खाजवत आली. मीच म्हणाले, कूस हाय, खोबरेल लाव. चारच दिवसांनी तिचं बाळ पोटातच गेलं. मग बारामतीच्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं. लिव्हरमदलं पित्त आतड्यात जायचं असतं. गरोदरपणात काही बायांचं ते तुंबतं आन् रक्तात उतरतं, म्हणून खाज सुटती. आई बाळंतपणानंतर बरी होती, पन पोटातल्या बाळाला धोका असतो. रक्त तपासलं की कळतं. मग डॉक्टर लक्ष ठेवत्यात, लागलं तर लवकर बाळंत करत्यात. माझ्या अडाणीपणानं एक बाळ गेलं, मावशी. दुसरं जाऊ देणार न्हाय मी."

तोवर मान खाली घालून बसलेली सारजा एकदम रडू लागली. "आई, सकाळपासनं बाळ लई कमी हलतंया. तू रागवशील म्हून बोलले न्हाय."

"अगं माझी बाय!" म्हणत तानूबाईच मोठ्यानं हाका मारू लागली, "सिद्धू, जीप काढ!" सारजाच्या भावानं करुणालाही सोबत घेऊन जीप अशी पिटाळली की अर्ध्या तासात बारामती गाठली.

रक्तात तेच तुंबलेलं पित्त निघालं. बाळाचे ठोकेही मंदावत होते, म्हणून डॉक्टरबाईंनी लगेच ऑपरेशन केलं. सव्वादोन किलोची मुलगी जन्मली. आधी रडलीच नाही, मग जी रडली ती थांबेना.

"तीन बुधवार थांबवणार हुते मी तिला," तानूबाई कशीबशी म्हणाली. करुणानं तिला जवळ घेतलं.

डोळ्यांनी पाहिलं म्हणून ते खरं, असं नसतं. कशानं झालं, हे विचारावं लागतं, बाबाला आणि नर्सलासुद्धा. घरात कुणी गरोदर असेल, पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील, तर कूस म्हणू नका, दृष्ट म्हणू नका, रक्त तपासा. आणि बाळाचं हलणं कमी झालं, तर तासभरही थांबू नका.