बक्षिसाचे हातमोजे

"मी करू शकतो!" खेमराजने दोन्ही हात वर करून बोंब ठोकली आणि तोंडाला आलेली कडू थुंकी गिळली.

"आवाज नाही आला! लाइनमन म्हणजे शेर! और जोर से!" नागपूरहून आलेले प्रशिक्षक माइकवर ओरडले.

गोंदियाच्या त्या सभागृहात लाइनमन मंडळी सकाळपासून उड्या मारत होती. कोंबड्यासारखं आरवून झालं, एकमेकांना मिठ्या मारून झाल्या. या सगळ्याची खेमराजला शिसारी आली होती. पण टेबलावर रबरी हातमोज्यांची नवीकोरी जोडी ठेवली होती, सर्वांत उत्साही कर्मचाऱ्याचं बक्षीस म्हणून. दवनीवाड्याच्या लाइनवर तो इतकी वर्षं पकडीला सायकलची ट्यूब गुंडाळून चढत होता. हातमोजे मागितले की 'वरून आले नाहीत' हे उत्तर ठरलेलं.

त्याच्या लाइनवरचा जोडीदार टेकचंदही तशीच ट्यूब गुंडाळायचा. विजेचा शॉक बसल्यापासून त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता. साहेबांनी त्याला कार्यालयात चहापाण्याला ठेवलं होतं, आणि तो मागे उष्टे कप गोळा करत होता.

"आता सगळ्यांनी टाळ्या!" प्रशिक्षक म्हणाले. टेकचंद कप उचलत राहिला.

मग नाच झाला. खेमराज लाजलज्जा गुंडाळून नाचला आणि बक्षीस त्यालाच मिळालं. साहेबांनी स्वतः त्याच्या हातांत मोजे चढवले. फोटो निघाला.

"आता काढ आणि पेटीत ठेव," साहेब हळूच म्हणाले. "उद्या आमगावच्या बॅचला लागतात."

"साहेब, बक्षीस होते न हे?"

"फोटो मिळेल तुला."

साहेबांच्या चकचकीत बुटांवर थुंकावं, असं खेमराजला वाटलं. त्याहून जास्त किळस त्याला स्वतःच्या नाचलेल्या पायांची आली. टेकचंद पेटी पोटाशी धरून समोर आला.

"कायले एवढा नाचून राहिला होता बे?"

खेमराज मान खाली घालून बोटांवरचं रबर सोडवू लागला. टेकचंदने क्षणभर ते पाहिलं, आणि थोट्या हाताने रिकाम्या पेटीचं झाकण दाबून लावलं.

"जमा झाले, साहेब!" तो मोठ्याने म्हणाला.

साहेब प्रशिक्षकांना घेऊन जेवायला निघाले होते. त्यांनी मागे न पाहताच मान हलवली.

"उद्या पेटी खोलतीन तं?" खेमराज कुजबुजला. "तुह्यावर चोरी येईन."

"येऊ दे." टेकचंदने पेटी काखेत मारली. "मले दोन हातमोजे कायले लागतेत?"