भिकुबाईचा मांडा

कोरीटमध्ये भिकुबाईचा मांडा फाटला, ही बातमी तिच्या नवऱ्याने, बन्सीलालने, आधी अफवा म्हणून उडवून लावली. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत रुंद करायचा आणि उलट्या खापरावर अलगद पसरायचा, यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे फाटतच गेले. आळ आधी गव्हावर आला, मग गिरणीवाल्यावर, मग सून रूपालीवर. कारण ती जवळच उभी होती.

"आत्याबाई, मांडा एकच जागे फाटी ऱ्हायना," रूपाली म्हणाली. "दखू तुम्हना हात."

डाव्या हाताला, मनगटाच्या वर, आतल्या अंगाला लिंबाएवढी गाठ. दुखत नव्हती, म्हणून भिकुबाईने ती घरचीच धरली होती. एवढा संसार झाला, पण बन्सीलालने तो हात कधी निरखून पाहिला नव्हता. त्या हातातून येणारं ताट तेवढं पाहिलं होतं.

गावाने सल्ले दिले. एकाने चरबीची गाठ म्हणून दाबली, दुसऱ्याने चुना सुचवला, तिसऱ्याने गाठ नीट न्याहाळून कापसाचा भाव विचारला.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "खोल आहे, कडक आहे, वाढतेय. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा तपासू. तोवर कुणाला चीर देऊ देऊ नका."

रिपोर्ट आला : सायनोव्हियल सार्कोमा. कॅन्सरच, पण लाखांत एखाद्याला होणारा. जिला कधी रेशनच्या रांगेत पहिला नंबर मिळाला नाही, तिला नेमका हा लागला होता.

"हात ऱ्हाई का?" बन्सीलालने सुरतेच्या सर्जनला विचारलं. आवाज निघता निघता फाटला.

"वाचवायचाच आहे. पण गाठीभोवतीचं थोडं चांगलं मांसही काढावं लागेल. नंतर रेडिएशनचे शेक."

भिकुबाईचा प्रश्न वेगळा होता. "मांडा व्हई का?"

बन्सीलालने ओपीडीत उभं राहून, अदृश्य मांडा हवेत फिरवून दाखवला. रांगेतले दोघे मागे सरकले. सर्जन म्हणाले, "बघू."

गाठ निघाली, कडा स्वच्छ आल्या, हात राहिला. शेक संपले. आजार परतला का, फुप्फुसात गेला का, हे बघायला दर काही महिन्यांनी हात आणि छाती तपासायची, एवढं ठरलं. पण तळवा पुरता वर वळेना. घरी केलेला पहिलाच मांडा घसरून चुलीत गेला. भिकुबाईने परात झाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

बन्सीलालने बाही वर केली. "मन्हा हात ले."

तिने हात पाहिला. "किती केस शेतस! मन्हा मांडाले केस नको."

तो तडक गोकुळ न्हाव्याकडे गेला.

"दाढी?"

"हात. डावा."

"आणि उजवा?"

"तो तिन्हा शे."

गोकुळने वस्तरा धुतला आणि डाव्या हाताला साबण लावला.

मग चुलीपाशी दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. उजवा हात तिचा, डावा गुळगुळीत त्याचा. गोळा इकडून तिकडे जाऊ लागला आणि हळूहळू पसरला. एका कडेला भोक पडलं. बन्सीलाल भोकाकडेच बघत राहिला.

"त्यानाकडे नका दखू," भिकुबाई करवादली. तिचे डोळे मात्र कधीचे हसत होते. "कोपर वर करा. अजून वर. झेंडावंदनले उभा शेतस का?"