पंचकल्याणी रेडा

"ओठ वर कर म्हणावं त्याला. दात नीट दिसू देत," उत्तरा म्हणाली.

मार्तेनने फोनमध्ये आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. पलीकडे इंडोनेशियातल्या तोराजाच्या डोंगरात मंगळवारची सकाळ उजाडली होती. इकडे व्हर्जिनियात अजून सोमवारची संध्याकाळच होती. मार्तेनच्या धाकट्या भावाने एका रेड्याचा ओठ अंगठ्याने वर सारला आणि फोन जवळ नेला.

"चार दाती आहे. शिंगं लांब आहेत म्हणून वय जास्त सांगत असतील, तर फसू नका."

"डॉक्टर म्हणतात, चार दाती!" मार्तेनने पलीकडे ओरडून सांगितलं. पडद्यावर पाचसहा माणसं गोळा झाली, हसली, आणि रेड्याचा मालक तोंड वाकडं करून निघून गेला.

सोमवारचा गुरांचा लिलाव नुकताच संपला होता. दोघं रिकाम्या गोठ्याच्या कठड्याला टेकून उभे होते. उत्तरा इथे गाईंचे दात बघून वय लिहायची आणि पाठीवर डिंकाने बिल्ला चिकटवायची. निळा बिल्ला म्हणजे पाळायला, लाल म्हणजे कत्तलखान्यात. परभणीच्या व्हेटरनरी कॉलेजात ती पहिली आली होती. लग्नानंतर नवऱ्याच्या, परीक्षितच्या व्हिसावर अमेरिकेत आली, आणि इथल्या परीक्षा आज देऊ उद्या देऊ म्हणता म्हणता सेहेचाळीस वर्षांची झाली. ते राहायचे त्या ॲशबर्नमधल्या पार्ट्यांत परीक्षित सांगायचा, "ती ॲनिमल हेल्थमध्ये कन्सल्ट करते." मुलगी रुही तेवढं ऐकून खोलीबाहेर जायची. सव्वा तास ड्राइव्ह करून उत्तरा इथे यायची ती रबरी बूट गाडीच्या डिकीत लपवून. आणि इथे तिला डॉक्टर म्हणणारा मार्तेन एकटाच होता. बाकीच्यांना तिचं नाव कधी जमलं नाही. त्यांच्यासाठी ती ऊटा होती.

मार्तेन गुरं हाकायचा. पन्नाशीचा, बुटका, हलक्या पावलांचा. त्याचं लहानपण बोलू नावाच्या गावच्या बाजारात, म्हशी-रेड्यांच्या पायांत गेलं होतं. बाप दुसऱ्यांचे रेडे सांभाळायचा. बाजाराच्या दिवशी पहाटे रेडा नदीवर न्यायचा, घासूनपुसून त्याला तेल लावायचं आणि दावं धरून दिवसभर चिखलात उभं राहायचं.

"विकला गेलाच पाहिजे असं नाही," तो सांगायचा. "चर्चला रविवारी जातात, पण माणसं भेटतात ती बोलूलाच. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, सगळं तिथेच कळतं. रेड्याच्या अंगावरचे भोवरे बघता बघता माणसं एकमेकांची घरं बघून घेतात."

आजारी हा शब्द तो जपून वापरायचा. त्याची आई चौदा महिन्यांपूर्वी गेली होती. पण तोराजात क्रियाकर्म होईपर्यंत माणूस मेला असं म्हणत नाहीत. आई आजारी आहे, असं म्हणतात. देह टिकावा म्हणून औषध भरून तिला घरातल्याच खोलीत निजवलं होतं आणि भावजय रोज सकाळी तिच्या उशाशी कॉफी ठेवत होती. बळी द्यायचे रेडे जमले की जुलैत विधी व्हायचा. मार्तेन थोरला. पण त्याचे कागद इमिग्रेशनमध्ये अडकले होते. गेला असता तर परत येता आलं नसतं. म्हणून दर सोमवारी तो फोनवरून बोलूच्या बाजारात उभा राहायचा.

"आमच्यात यम रेड्यावर बसून येतो, माणसाला न्यायला," उत्तरा एकदा म्हणाली होती.

"आमच्यात माणूस स्वतः बसून जातो," मार्तेन म्हणाला होता. "रेडा नसेल तर पायी जावं लागतं. आईचे गुडघे दुखतात."

सहा वर्षांत त्या जागी कुणी तिच्याशी इतकं बोललं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. बाजाराचा मालक डेल, त्याची बायको कॉनी, दोन ट्रकवाले. मार्तेन बाहेर पाण्याचे हौद भरत होता. उत्तराने वरणभाताचा डबा उघडला आणि कॉनीने नाक मुरडून खिडकी उघडली.

"ऊटा, तुम्ही लोक गाईची पूजा करता ना?" डेल म्हणाला. "मग लाल बिल्ला लावताना काय म्हणता? सॉरी, आई?"

ट्रकवाले खदखदून हसले.

"आणि माणसं मेली की जाळता. उघड्यावर," कॉनी म्हणाली. "मी व्हिडिओ पाहिलाय. जेवताना नको बाई."

उत्तराचा घास हातातच राहिला. कानांच्या पाळ्या तापल्या. ती हसली, आणि हसता हसताच बोलून गेली, "आमचं काहीच नाही हो. मार्तेनला विचारा. त्याची आई चौदा महिने घरात झोपलीय. रोज सकाळी तिला कॉफी देतात."

मग डेलने टेबलावर हात आपटला. "काय सांगतेस!"

तिने सगळं सांगितलं. रेडे, विधी, गुडघेदुखीसुद्धा. सगळे तिच्याकडे माना वळवून ऐकत होते. कॉनीने तर कॉफी ओतून तिच्यापुढे सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उत्तराने ती प्यायली.

पुढच्या सोमवारी म्हशींची एक डेअरी बंद पडल्यामुळे तिथली म्हसरं लिलावाला आली. त्यात एक रेडा होता. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, चारही पाय पांढरे, शेपटीचा गोंडा पांढरा, डोळे घारे. उत्तरा बघतच राहिली. परभणीत असा रेडा दिसला असता तर लोक म्हणाले असते, पंचकल्याणी! मार्तेन धावत आला. रेड्याच्या कपाळावर तळवा ठेवून उभा राहिला.

"डॉक्टर, बोलूला हा उभा राहिला असता तर गर्दी हटली नसती," तो म्हणाला. "एका सरदाराचं क्रियाकर्म झालं असतं ह्याच्यावर."

इथे तो खच्ची केलेला, डेअरीला निरुपयोगी नर होता. उत्तराने दात पाहिले, सहा दाती असं लिहिलं आणि लाल बिल्ला चिकटवला. मार्तेनने बिल्ल्याकडे पाहिलं. जेवायच्या सुट्टीत त्याने पाइप लावून रेड्याला धुतला, स्वतःचा रुमाल ओला करून डोळ्यांच्या कडा पुसल्या. डेल लांबून बघत होता.

"रिंगणात तूच आण त्याला, मार्तेन," तो म्हणाला. "तुमच्या पद्धतीने. दावं धरून."

मार्तेनचा चेहरा उजळला. त्याने शर्ट खोचला, केसांवरून ओला हात फिरवला. दार उघडलं, तेव्हा रेडा त्याच्यामागून मान उंच करून आत आला. बाकांवरचे शेतकरी खरोखरच गप्प झाले होते.

डेलने माइक तोंडाशी धरला. "मंडळी, याला मांस समजू नका! ही टॅक्सी आहे टॅक्सी! आपल्या मार्तेनची आई चौदा महिन्यांपूर्वी मेलीय आणि घरात पडून टॅक्सीची वाट बघतेय! बिचारीचे गुडघे दुखतात!"

हशा उसळला. "वास येत असेल की रे!" मागून कुणीतरी ओरडलं. एकाने हंबरून दाखवलं.

मार्तेन जागच्या जागी थांबला. रेडाही थांबला.

"खोटं नाही सांगत," डेल म्हणाला. "ऊटाला विचारा, तिनेच सांगितलंय! ऊटा, रोज कॉफी देतात ना?"

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. उत्तरा हातात डिंकाचं भांडं घेऊन उभी होती. मार्तेननेही पाहिलं. आणि उत्तरा हसली. तिला हसायचं नव्हतं. पण डेलने नाव घेतलं की हसायची सवय चेहऱ्याला सहा वर्षांपासून लागली होती.

मार्तेनने नजर वळवली. त्याने दावं थोडं सैल धरलं आणि रेड्याला रिंगणाची उरलेली फेरी घातली. घाई न करता, रेड्याची उजवी बाजू दिसेल अशी, मग डावी. कत्तलखान्याच्या माणसाने वजनावर बोली लावली. वर दुसरी बोली आली नाही.

ट्रकच्या फळीवर रेडा चढेना. ट्रकवाल्याने विजेची काठी त्याच्या मांडीला लावली, दुसऱ्यांदा पोटाखाली. रेडा पुढच्या गुडघ्यांवर कोसळला, ओरडला नाही, नुसता थरथरत राहिला. ट्रकवाल्याने तिसऱ्यांदा काठी उचलली, तेव्हा मार्तेन मध्ये आला. त्याने काठी हाताने बाजूला केली. वाकून रेड्याच्या कानाशी पुटपुटला. थोड्या वेळाने रेडा उठला आणि त्याच्यामागून फळी चढून गेला. आत अंधारात मार्तेन बराच वेळ होता. बाहेर आला, तेव्हा दावं सोडून हातात गुंडाळलेलं होतं.

उत्तरा वाटेत उभी होती. "मार्तेन, मी मुद्दाम नाही... ते लोक मलाच बोलत होते, म्हणून..."

"पायाखाली पाइप आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि ती बाजूला होईपर्यंत थांबला.

त्यानंतर तो फोनवर बोलायला आपल्या गाडीत बसायला लागला. काचा वर करून. उत्तराला कुणी दात दाखवले नाहीत. डेलने मात्र तिला जेवताना आपल्या शेजारची खुर्ची दिली. गोष्टी माहीत असतात हिला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. घरी परीक्षितने विचारलं, "हल्ली एवढी गप्प का?" ती म्हणाली, "काही नाही. ट्रॅफिक फार होतं."

जुलैत मार्तेनने तीन दिवसांची रजा मागितली. खोली बंद करून फोनवर का होईना, पण पूर्ण विधी बघायचा होता. डेल म्हणाला, "सीझन आहे. आणि सोळा महिने थांबली, अजून थांबेल की."

विधी होता त्या सोमवारी ऊन असं पडलं होतं की गुरं फेसाळत होती. मार्तेन कामावर आला तो काळा, इस्त्री केलेला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"काय रे, कुणी मेलं की काय?" डेल ओरडला.

"हो," मार्तेन म्हणाला. "आज माझी आई वारली."

डेलने हसायला तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं. कुणीच हसलं नाही, तसा तो कागद चाळत ऑफिसात गेला. उत्तरा दोन पावलं पुढे झाली. मार्तेनने मान झुकवली, परक्या माणसापुढे झुकवावी तेवढीच, आणि फाटकाची कडी काढली.

दिवसभरात चारशे गाई गेल्या. सगळ्यांच्या बाह्या वर, शर्ट उघडे. त्याने एक बटण काढलं नाही. संध्याकाळी तो नळाशी गेला, मनगटांजवळ लागलेलं शेण पाण्याने चोळून चोळून काढलं. मग ओल्या बाह्या खाली ओढून पुन्हा सारख्या केल्या, आणि कुणाकडेही न बघता, सरळ पाठीने, आपल्या गाडीकडे चालत गेला.